एका रात्रीत कोरलेली लेणी?

मावळातल्या परंदवडी, सोमाटणे, कामशेत अशा कोणत्याही गावी जा आणि एखाद्या मुलाला विचारा, "डोंगरातली ही लेणी कोणी कोरली?" उत्तर बहुधा ठरलेले असते. पांडवांनी कोरली, आणि तीही एका रात्रीत! शेजारी बसलेली आजी त्याला पुस्ती जोडते, की पहाटे कोंबडा आरवला म्हणून काम तेथेच थांबले. नाशिकजवळच्या लेण्यांना तर लोकांनी पांडवलेणी हेच नाव देऊन टाकले आहे.

या उत्तराला हसण्याचे कारण नाही. जगातल्या बहुतेक प्रसिद्ध वास्तूंना असे एखादे ठरीव उत्तर चिकटलेले असते. ताजमहाल पुरा झाल्यावर शहाजहानने कारागिरांचे हात तोडले, असे आग्र्याला आजही सांगतात. त्या काळच्या नोंदींत याला काहीही आधार मिळत नाही. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे वाक्य तर सामान्यज्ञानाच्या कितीतरी पुस्तकांत छापले गेले. मोठी वास्तू पाहिली की माणसाला प्रश्न पडतो, आणि खरे उत्तर हाताशी नसले की गोष्ट तयार होते. गोष्ट ऐकायला छान असते. पण ती खरी की खोटी हे पाहायचे कसे?

भिंतीचा प्रश्न वहीपेन्सिलीने सुटतो. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाची वस्तू वेगळी ओळखू येते. याचाच अर्थ असा, की सुमारे ३,४०० मीटर अंतरावरची एक मीटरची वस्तू ही आपल्या नजरेची सीमा होय. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. त्याला ३,४०० ने भागा. उत्तर येते सुमारे ११३ किलोमीटर. म्हणजे चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वीवरची वस्तू दिसायची तर ती शंभर किलोमीटरहून रुंद हवी. भिंतीची रुंदी बहुतेक ठिकाणी दहा मीटरही भरत नाही! कोणी म्हणेल, आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची बारीक तारही दुरून दिसते की. खरे आहे, लांबलचक रेषा ठिपक्यापेक्षा लवकर नजरेत भरते. पण तारेचा रंग आकाशाहून अगदी निराळा असतो, भिंत मात्र आजूबाजूच्या माती-दगडांच्याच रंगाची आहे. २००३ साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई पृथ्वीच्या कितीतरी जवळून फिरून आला आणि त्यानेही भिंत दिसली नाही असेच सांगितले.

आता हीच रीत आपल्या लेण्यांना लावून पाहू. मळवली स्टेशनवर उतरले की रुळांच्या एका अंगाला कार्ला आणि दुसऱ्या अंगाला भाजे. बेडशाला कामशेतहून जातात. परंदवडीच्या मुलांना घोरावडेश्वराचा डोंगर सर्वांत जवळचा. तेथील शेलारवाडीची लेणी लहान असली तरी पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहेत.

किती दगड निघाला?

कार्ल्याचे मोठे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. चैत्यगृह म्हणजे बौद्ध भिक्षूंचे प्रार्थनेचे दालन. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ते सुमारे ३८ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि मध्यभागी सुमारे १४ मीटर उंच आहे. तीनही आकड्यांचा गुणाकार केला तर साडेसात हजार घनमीटरच्या जवळ जातो. पण दालन पेटीसारखे नाही. छत कमानदार आहे, दोन्ही बाजूंच्या पडव्या बुटक्या आहेत, मागची बाजू अर्धगोल आहे, आणि खांब व स्तूप हे दगड न काढता ठेवलेले भाग आहेत. हे सारे वजा करून आपण ठोकळ मानाने ५,००० घनमीटर धरू.

हा दगड काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरून दख्खनचे पठार बनले, त्यांतलाच हा एक थर. एक घनमीटर बेसॉल्टचे वजन सुमारे २.८ टन भरते. म्हणजे एकट्या या दालनातून सुमारे १४,००० टन दगड बाहेर काढला गेला. दहा टनी ट्रक आणले तर चौदाशे खेपा!

रात्र बारा तासांची धरली तर दर मिनिटाला सुमारे १९ टन. पाच भावांत वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला जवळजवळ चार टन येतात. भीमाला थोडे जास्त दिले तरी हिशेब जमत नाही.

मग खरोखर किती काळ लागला असेल? येथे आपल्याला काही गृहीत धरावे लागेल. समजा, एक पाथरवट हातोडा आणि पोलादी टाकी घेऊन दिवसाकाठी घनमीटरचा विसावा भाग, म्हणजे सुमारे १४० किलो दगड काढतो. मग ५,००० घनमीटरांना एक लाख माणूस-दिवस लागतील. दगडासमोर एका वेळी तीस माणसे बसली आणि वर्षातले २५० दिवस काम चालले, तर सुमारे तेरा वर्षे झाली. यात दगड बाहेर टाकणारे, टाक्यांना धार लावणारे लोहार, नक्षी करणारे मूर्तिकार धरलेलेच नाहीत. तुमच्या गावात पाथरवटाचे काम पाहिलेले कोणी असतील तर त्यांना विचारा आणि गृहीत बदलून पाहा. तेरा वर्षांची दहा होतील किंवा तीस होतील. एक रात्र मात्र काही केल्या होणार नाही.

जास्त माणसे लावून काम लवकर का उरकत नाही, ही शंका येथे रास्त आहे. इजिप्तमधल्या गिझाच्या मोठ्या पिरॅमिडात सुमारे तेवीस लाख दगड आहेत असा अंदाज करतात. ते काम वीस वर्षांत झाले असे मानले, तर रोज दहा तास काम धरून दर दोन मिनिटांना एक दगड बसवावा लागतो. तेही झाले, कारण मोकळ्या मैदानात हजारो माणसांना एकाच वेळी काम देता येते. लेण्यात तसे नाही. सुरुवातीला तर कड्यात एक भोक असते. तेथे माणसे मावतील तेवढीच मावणार!

शिवाय पिरॅमिड ही रचना आहे. लेणे ही वजाबाकी आहे. पिरॅमिडचा एखादा दगड फुटला तर दुसरा आणता येतो. लेण्यात चुकून खांबाचा तुकडा उडाला तर तो परत चिकटवायचा कोठे? म्हणून कोठला भाग ठेवायचा हे आधीच पक्के ठरवावे लागे. काम वरून खाली येई. आधी छत पुरे करायचे, मग एक एक पायरी खाली उतरत जायचे. त्यामुळे उंच छतासाठी परांच्या बांधाव्या लागत नाहीत. ज्या दगडावर उभे राहून छत कोरले तोच दगड नंतर खाली खणायचा. हे आपल्याला कळले कसे? अर्धवट राहिलेल्या लेण्यांवरून. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे पुरे झाले नाही. तेथे नुसते ओबडधोबड घडलेले खांब आणि टाकीचे ताजे वाटणारे घाव दिसतात. पुऱ्या झालेल्या लेण्यापेक्षा असे अपुरे लेणे अभ्यासकाला अधिक सांगते. कोंबडा आरवला ते एका अर्थी बरेच झाले म्हणायचे!

दगडाच्या छताला लाकडाच्या कमानी कशाला?

कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की लाकडाच्या वाकवलेल्या कमानींची रांग दिसते. जहाज उलटे करून आतून पाहावे तसे वाटते. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाचीच आहे. हे पाहिल्यावर शाळेच्या सहलीत एक प्रश्न हमखास येतो: या कमानी काढल्या तर छत कोसळेल का?

कोसळणार नाही. छत म्हणजे डोंगरच आहे. त्याला सांधा नाही, तुळई नाही. पुरावा हवा असेल तर बेडशाला जा. तेथल्या कमानी केव्हाच नाहीशा झाल्या, छत जसेच्या तसे आहे. मग एवढा उपद्व्याप कशासाठी? कारण त्या काळी गावोगावची मोठी दालने लाकडाची असत. खांब लाकडाचे, छताच्या फासळ्या लाकडाच्या, वर गवताचे किंवा कौलाचे आच्छादन. लोकांच्या डोळ्यांना "प्रार्थनेचे दालन" म्हटले की तेच रूप ठाऊक होते. कारागीर दगडाकडे वळले तेव्हा त्यांनी तेच रूप दगडात आणले, आणि फासळ्या नसल्या तर दालन उघडे वाटेल म्हणून खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसविल्या. विजेच्या दिव्याच्या माळेतले बल्ब मेणबत्तीच्या ज्योतीसारखे करतात ना? त्यातलाच हा प्रकार. ग्रीसमध्येही हेच घडले. अथेन्सचे पार्थेनॉन हे संगमरवरी मंदिर इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले. त्याच्या खांबांवरच्या पट्टीत थोड्या थोड्या अंतरावर उभ्या खाचांचे चौकोन आहेत. ते जुन्या लाकडी मंदिरांतल्या तुळयांच्या टोकांची नक्कल असे मानतात.

पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. लाकूड दोन हजार वर्षे टिकलेच कसे? आपल्या घराची चौकट तीस वर्षांत वाळवी खाते!

याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग म्हणजे हे सागवान आहे. सागाच्या गाभ्यातल्या लाकडात तेलकट द्रव्ये असतात आणि त्यांतली काही वाळवीला व बुरशीला मानवत नाहीत. पण एवढे पुरेसे नाही, आणि याची साक्ष समोरच भाज्याला मिळते. भाज्याच्या चैत्यगृहाचे तोंड आज सताड उघडे दिसते. मुळात ते तसे नव्हते. दर्शनी बाजूच्या दगडात लाकडी तुळया बसवण्यासाठी केलेल्या खाचा अजून आहेत. म्हणजे येथे लाकडाचा मोठा दर्शनी भाग होता. तो गेला. आतल्या उंच छतावरच्या फासळ्यांपैकी मात्र काही टिकल्या. जागा एकच, काळ एकच. फरक कशाचा? पावसाचा. बुरशीला वाढायला ओल लागते. मावळातला पाऊस दर्शनी भागाला वर्षानुवर्षे झोडपत राहिला. आत मात्र तो पोचलाच नाही. वाळवी जमिनीतून वर चढते, पण या फासळ्या जमिनीपासून कितीतरी उंच, कोरड्या दगडाला लागून आहेत. तुमच्या घराची चौकट खालूनच का कुजते, तेही यावरून कळेल.

हे लाकूड मूळचेच आहे, मागाहून कोणी बसविलेले नाही, हे कशावरून? भाज्याच्या लाकडावर ब्राह्मी लिपीत कोरलेली अक्षरे सापडली आहेत. अक्षरांची वळणे काळाप्रमाणे बदलत जातात. आजोबांच्या मोडी कागदावरून जाणकार जसा काळाचा अंदाज सांगतो तसाच प्रकार. ही अक्षरे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या वळणाची आहेत.

दुसरी वाट पदार्थविज्ञानाची. जिवंत झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते. त्यातल्या कार्बनचा अगदी सूक्ष्म अंश कार्बन-१४ या किरणोत्सर्गी प्रकाराचा असतो. लाकूड बनले, की त्यात नवा कार्बन येणे थांबते आणि असलेला कार्बन-१४ हळूहळू घटत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. या हिशेबाने दोन हजार वर्षांनंतर शंभरातला सुमारे ७८ भाग उरतो. उरलेला भाग मोजला की वय निघते. ही पद्धत शोधल्याबद्दल विलार्ड लिबी यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच दशकात अशी प्रयोगशाळा काम करीत होती.

मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. कार्बन-१४ लाकडाचे वय सांगतो, लेण्याचे नव्हे. दोनशे वर्षांच्या जुन्या सागाच्या गाभ्यातला तुकडा तपासला तर उत्तर लेण्यापेक्षा दोनशे वर्षे जुने येईल. एखाद्या जुन्या वाड्यातली तुळई काढून नव्या घराला लावावी तसेही झालेले असू शकते. म्हणून लाकूड, अक्षरे आणि कोरीवकामाची घडण या तिघांची साक्ष एकमेकांशी जुळवून पाहतात. यावरून भाजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातले, बेडसे त्यानंतरचे आणि कार्ल्याचे चैत्यगृह इ. स. च्या पहिल्या शतकाच्या आसपासचे असा क्रम लागतो.

भाज्याचे खांब पडायला आले आहेत का?

भाज्याच्या चैत्यगृहात सत्तावीस खांब आहेत. साधे, अठकोनी, नक्षी नसलेले. नीट पाहिले तर ते सरळ उभे नसून आतल्या बाजूला झुकलेले दिसतात. पिसाचा मनोरा पुस्तकात पाहिलेल्या मुलांना लगेच शंका येते.

पिसाची हकिगत अशी. इटलीतल्या या मनोऱ्याचे काम ११७३ साली सुरू झाले. तिसरा मजला चढेपर्यंत एका बाजूची मऊ जमीन दबली आणि मनोरा कलला. काम जवळजवळ शंभर वर्षे थांबले. या काळात खालची माती वजनाने घट्ट होत गेली. सलग बांधत गेले असते तर तो बहुधा तेव्हाच पडला असता. पुढच्या गवंड्यांनी वरचे मजले सरळ आणण्याचा प्रयत्न केला, त्यामुळे मनोरा किंचित केळ्यासारखा वाकडा आहे. १९९० साली तो लोकांना बंद केला गेला. मग अभियंत्यांनी कललेल्या बाजूला टेकू देण्याऐवजी उंच राहिलेल्या बाजूखालची माती थोडी थोडी काढून घेतली. ती बाजू खाली बसली आणि मनोरा चाळीस सेंटिमीटरहून जास्त मागे आला. २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. कल मुद्दामच पुरता घालवला नाही. सरळ झालेला पिसाचा मनोरा पाहायला कोण जाणार?

आता भाज्याकडे वळा. जमीन दबून खांब कलले असते तर सगळे एकाच दिशेला कलले असते. येथे डाव्या रांगेतले उजवीकडे आणि उजव्या रांगेतले डावीकडे झुकतात. शिवाय खांब, जमीन आणि छत हे तिन्ही एकाच अखंड कातळाचे आहेत. खांब एकटा कलणार कसा? कल मुद्दाम ठेवलेला आहे. लाकडी दालनात कमानदार छताचे वजन खांबांना बाहेर ढकलते. तो रेटा सोसावा म्हणून सुतार खांब आत झुकते रोवत असत. दगडात त्याची काही गरज नव्हती, पण सवय गेली नाही. कार्ल्याला पोचेपर्यंत दोनेकशे वर्षे लोटली. तेथले खांब सरळ उभे आहेत. तोवर पाथरवटांची सुताराची सवय सुटली होती, असे म्हणायला हरकत नाही.

पण कोरली कोणी?

पांडवांचे नाव काढून टाकले तर त्या जागी कोणा राजाचे नाव बसवायचा मोह होतो. इतिहासाच्या पुस्तकांनी आपल्याला तशी सवय लावली आहे. कार्ल्याचे शिलालेख काही निराळेच सांगतात.

ब्राह्मी लिपी शतकानुशतके कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली, आणि त्यानंतर ही भिंतींवरची अक्षरे बोलू लागली. कार्ल्याच्या एका लेखात म्हटले आहे, की वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने हे शैलगृह पुरे केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातले बनवासी. जाहिरातीची भाषा तेव्हाही अशीच होती! पण सगळे काम त्या एका शेठजीचे नव्हते. चैत्यगृहात सदतीस खांब आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी खांबांवर वेगवेगळ्या देणगीदारांची नावे आहेत. दाराच्या एका भागासाठी सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गंध्याने दान दिले. दाराच्या कामाशी सामी नावाच्या सुताराचे नाव जोडलेले आहे; तो वेणुवासाचा मुलगा, राहणारा धेनुकाकटचा. दगडाच्या लेण्यावर सुताराचे नाव! लाकडी फासळ्या आणि झुकते खांब यांचा उलगडा करताना आपण जे तर्काने म्हटले, त्याला हा एवढासा लेख दुजोरा देतो.

काही खांब यवनांनी दिले आहेत. येथे घोटाळा होण्याचा संभव आहे. मराठीत पुढे यवन हा शब्द मुसलमानांसाठी वापरला गेला. पण कार्ल्याचे लेख कोरले गेले तेव्हा इस्लामचा उदय व्हायला पाचशे वर्षांहून अधिक अवकाश होता. त्या काळी यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून समुद्रमार्गे आलेले लोक. त्यांच्यातल्या एकाचे नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज, असे चक्क आपल्याकडचे आहे. कल्याण, सोपारा या बंदरांतून माल उतरे आणि बोरघाट चढून जुन्नर, पैठण, तेर अशा पेठांकडे जाई. लेणी त्याच वाटेवर आहेत. व्यापारी येता-जाता थांबत, दान देत. शाळेच्या बाकावर किंवा पंख्याच्या पात्यावर आपण "अमुक यांजकडून सप्रेम भेट" असे वाचतो, तसेच हे खांब आहेत.

राजांचा उल्लेख येत नाही असे नाही. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिले. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांचा पराभव केला आणि तेच दान आपल्या हुकमाने पुन्हा दिले. राज्य बदलले, पण दान बुडाले नाही. या लेखांत कार्ल्याचे तेव्हाचे नाव वलूरक असे आहे आणि मुलखाचे नाव मामाड किंवा मामाल असे येते. मोठ्याने म्हणून पाहा. मामाल, मावळ! आपण रोज उच्चारतो ते नाव एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेले आहे.

शेलारवाडीच्या लहानशा लेण्यातला एक लेख मला या सर्वांहून मोलाचा वाटतो. तेथे धेनुकाकटच्या एका नांगरधारी कुणब्याच्या बायकोने आपल्या मुलासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. शेठजी नाही, राजा नाही. शेतकऱ्याच्या घरातली बाई. इजिप्तमध्येही २०१३ साली असाच एक शोध लागला. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे पपायरसचे तुकडे मिळाले, ते मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी निघाले. मोठ्या पिरॅमिडसाठी चुनखडीचे दगड होडीतून कोणत्या दिवशी कोठून कोठे नेले, हे त्याने साडेचार हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. परग्रहावरच्या पाहुण्यांनी पिरॅमिड बांधले असे म्हणणाऱ्यांना मेरेरच्या होड्यांचे काय करायचे हा प्रश्नच आहे.

सिंहस्तंभ एकच का?

चैत्यगृहाकडे तोंड करून उभे राहिले की डावीकडे सोळा बाजूंचा उंच स्तंभ दिसतो, त्याच्या माथ्यावर चार सिंह आहेत. उजवीकडे त्याच्या जोडीचा स्तंभ असायला हवा. तेथे एकवीरा देवीचे मंदिर आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीचे चैत्यगृह कार्ल्यावरून बेतलेले आहे आणि तेथे दोन्ही बाजूंना स्तंभ आहेत. त्यावरून कार्ल्यालाही दोन असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा निष्कर्ष तुलनेवरून काढलेला आहे, डोळ्यांनी पाहिलेला नव्हे, एवढा फरक लक्षात ठेवावा.

धेनुकाकट कोठे आहे?

सुतार धेनुकाकटचा, गंधी धेनुकाकटचा, यवन धेनुकाकटचे, कुणब्याची बायको धेनुकाकटची. हे गाव नक्कीच मोठे आणि संपन्न असले पाहिजे. पण आज त्या नावाचे गाव कोठेच नाही. काहींनी ते थेट आंध्रात, अमरावतीजवळच्या धान्यकटकात शोधले. गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मावळचे डोंगर पायी तुडवले होते. त्यांच्या मते ते कार्ल्याच्या आसपासच असले पाहिजे. दूरच्या गावातला शेतकरी घोरावड्याच्या डोंगरात लेणे कशाला कोरवील, हा विचार केला तर त्यांचे म्हणणे पटते. पण विचार पटणे वेगळे आणि खापराचा तुकडा, नाणे किंवा नवा लेख हाती येणे वेगळे. तसे काही सापडेपर्यंत वाद मिटणार नाही.

म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. लेण्यांच्या भिंतींवर आजकाल खिळ्याने खरवडलेली नावे आणि बदामाच्या आकृत्या दिसतात. शिलालेखाची अक्षरे उथळ असतात, आणि एखाद्या झिजलेल्या ओळीत गावाचे नाव आहे की नाही हे एका रेघेवर ठरते. सहलीला जाल तेव्हा वही, मोजपट्टी आणि विजेरी बरोबर घ्या. विजेरी समोरून न धरता भिंतीला लागून आडवी धरा. तिरप्या उजेडात सावल्या पडतात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे टाकीचे घाव व अक्षरांच्या कडा उठून दिसतात. खांबाचा घेर दोरीने मोजा, भाज्याच्या खांबाचा कल ओळंब्याने काढा, आणि आमच्या ५,००० घनमीटरच्या अंदाजात कोठे चूक आहे ते कळवा. मळवलीच्या डोंगरापासून घोरावड्याच्या डोंगरापर्यंत लोकलने अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास आहे. धेनुकाकटचे सामान त्या काळी बैलांच्या पाठीवरून याच खोऱ्यातून गेले असेल, तर ते गाव रुळांच्या कोणत्या बाजूला असावे?